थेंबाची बाजू, थराची बाजू

‘सरांविषयी एक हृद्य आठवण पाठवा,’ असा निरोप मोबाइलवर आला आणि माझं डोकंच फिरलं.

सर या जूनमध्ये निवृत्त होतायत. त्यांचा गौरव अंक निघणार आणि त्यात आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी एकेक आठवण लिहायची. दोन पानांत बसेल अशी, आणि ‘शक्यतो हलकीफुलकी’. हलकीफुलकी! तो शब्द मी तीनदा वाचला. दुपारचे तीन वाजले होते, वैशाखाचं ऊन खिडकीच्या गजाला हात लावू देत नव्हतं, आणि पाणी यायचा दिवस असूनही नळ नुसता फुसफुसत होता. संभाजीनगरात उन्हाळ्यात माणूस आधीच तापलेला असतो. त्यात असला निरोप.

हृद्य आठवणी माझ्याकडं आहेत की. लई आहेत. पण त्या सगळ्या एकाच उन्हाळ्यात जाऊन थांबतात, नऊ वर्षांपूर्वीच्या, आणि तिथं पोचलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. गुलमंडीवर मोगऱ्याचे गजरे दिसायला लागले, रसवंतीची घुंगरं वाजायला लागली, की इतरांना मामाचं गाव आठवत असेल. मला एसीची घरघर आठवते, पंधरा संगणक आठवतात आणि नसरीन आठवते.

तेव्हा मी सरांकडं पीएच.डी. करत होते. करमाडच्या शेतकऱ्याची पोर, विषय भौतिकशास्त्र. काम काय, तर द्रवांच्या मिश्रणाचं संगणकात सोंग आणायचं. आईला मी सांगायची, संगणकात एक डबी आहे असं समज. तिच्यात दोन तऱ्हांचे कण भरायचे, काही हजार. एक तऱ्हा म्हणजे एक द्रव, दुसरी म्हणजे दुसरा. डबीचा तळ म्हणजे भिंत. कोण कुणाला किती ओढतो ते आकड्यांत सांगायचं आणि त्यांना सोडून द्यायचं. गरम असताना दोन्ही द्रव एकमेकांत मिसळून नांदतात. थंड केलं की बिनसतं, वेगळे होतात, आणि त्यातला एक जाऊन तळाला बसतो. कसा बसतो तेच बघायचं. अळूच्या पानावर पाणी बसतं तसा टपोरा थेंब होऊन बसतो, की फरशीवर तेल सांडावं तसा पसरून थर होतो? थोडं थोडं तापवत नेलं की एका ठिकाणी थेंब मोडतो आणि पसरतो. ते ठिकाण शोधायचं, हा माझा प्रबंध.

आई म्हणाली, ‘एवढंच व्हय? मग तव्यावर बघ की.’

तिचंही बरोबर होतं. दिवसभर पाण्याचा थर तळाला कसा धरतो याचा अभ्यास करायचा आणि संध्याकाळी खोलीवर येऊन टँकरपुढं कळशी घेऊन उभं राहायचं, याला काय म्हणणार? पण मला ते काम आवडायचं, हेही खरं. पडद्यावर तो थेंब थरथरताना दिसायचा. कडेचे कण सुटायचे, परत यायचे. तासन् तास बघत बसावं असं काही तरी त्यात होतं, आणि मी बसायची.

एम.एस्सी.च्या परीक्षा संपल्या की प्रयोगशाळेतले पंधराच्या पंधरा संगणक मोकळे व्हायचे. म्हणून आमचा खरा हंगाम उन्हाळा. एसी यंत्रांसाठी होता. आम्ही आपलं त्यांच्या आडून गारवा खायचो. सकाळी एकेका यंत्रावर एकेक तापमान लावायचं आणि कुणी हात लावू नये म्हणून पडद्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. ‘रन चालू आहे’, म्हणजे हिशोबाची फेरी चालू आहे. त्या चिठ्ठ्यांवरचं अक्षर नसरीनचं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून ते काम तिनं माझ्याकडून काढून घेतलं होतं.

ती माझ्या मागून दोन वर्षांनी आली. पैठणची. तिचे अब्बू रेशीम रंगवायचे, पैठणीच्या विणकरांना रंगीत लड्या करून द्यायचे. ती रोज एस.टी.नं अप-डाऊन करायची. ओढणीवर रस्त्याची धूळ, हातात पिशवी, आणि दारातूनच विचारणार, ‘मोडला का गं थेंब?’ तिच्या डब्यात खिचडी-खट्टा, माझ्या डब्यात भाकरी आणि ठेचा. अदलाबदल ठरलेली. खट्ट्यातली चिंच आणि तीळ माझ्या जिभेवर अजून आहेत.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. रन सुरू करायचा तर कणांची पहिली मांडणी लागते, कोण कुठं उभा आहे ती. सरांनी तरुणपणी, सबंध विभागात एकच संगणक होता त्या काळात, महिनाभर खपून ती एकदा केली होती. ती फाइल पहिल्या विद्यार्थ्यानं दुसऱ्याला दिली, दुसऱ्यानं तिसऱ्याला. शेजारणीकडून विरजण आणावं तशी ती आमच्यापर्यंत आली. फाइलचं नावसुद्धा कुणी बदललं नव्हतं. आणि त्या मांडणीत थेंब आधीच बसलेला होता! तळाच्या मधोमध, गोल, गरगरीत. आम्ही सगळे तिथूनच निघायचो. तापवत जायचो आणि थेंब कुठं मोडतो ते टिपायचो. दर वेळी उत्तर तेच. सर म्हणायचे, ‘बघा, पाच विद्यार्थी, पाच प्रबंध, आकडा एक. याला म्हणतात विश्वास.’ आणि आम्ही नंदीबैलासारख्या माना डोलवायचो. अहो, एकाच विरजणाचं दही पाच घरी लावलं तर चव एकच येणार ना? पण हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तर नाहीच.

नसरीनच्या आलं. जेवताना ती म्हणाली, ‘सुनंदा, आपण कायम थेंबापासूनच का निघतो?’

‘मग कुठून निघायचं?’

‘थरापासून. आधी पसरून ठेवायचं अन् थंड करत यायचं. बघू थेंब कुठं होतोय.’

‘तिथंच होईल की. जिथं मोडतो तिथंच जमेल.’

‘जमेल का?’ ती बोट चाटत म्हणाली. ‘अब्बू कोरडी लडी पाण्यात टाकतात ना, ती ओली व्हायलाच तयार नसते बघ. वरच्यावर तरंगते. दाबून दाबून पाणी पाजावं लागतं. अन् एकदा ओली झाली की पाणी सोडायला तयार नसते. रेशीम तेच, पाणी तेच. ती कुठून आली त्यावर सगळं असतं. अब्बू म्हणतात, पैले सूत की हालत पूछो, फिर रंग की बात करो.’

मी हसले. खरंच हसले. रेशमाच्या पिंपाचा आणि आमच्या कणांचा काय संबंध, असं वाटलं मला. शिकलेल्या माणसाचा माज असतो हा, दुसरं काय.

तिनं केलं. तळावर एकसारखा थर मांडला आणि सात यंत्रांवर सात तापमानं लावली. मधेच रमजान लागला. तो त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात आला होता. बाहेर डांबर वितळतंय, ही पहाटे सहेरी करून एस.टी.त बसून येतेय, दिवसभर पाण्याचा थेंब तोंडात नाही, आणि पडद्यावर दिवसभर पाणीच पाणी. मी डबा घेऊन बाहेरच्या जिन्यात जायला लागले, तर म्हणाली, ‘इथंच खा गं. तू जेवल्यानं माझा रोजा मोडत नाही. तुझं ते मुळुमुळु चोरून खाणं बघवत नाही मला.’ मग मी तिच्यासमोर भाकरी खायची आणि ती मला आकडे वाचून दाखवायची. ओठ सुकलेले असायचे, पण आवाज खणखणीत.

आणि थर काही मोडेना! सरांच्या आकड्यापाशी आला, तरी थर. त्याच्या खाली गेला, तरी थर. अजून खाली, तरी बाई तसाच पसरलेला. पार खाली गेल्यावर एका दुपारी मधे एक भोक पडलं, ते वाढलं, आणि थर आवळत आवळत थेंब झाला. नसरीननं टेबलावर थाप मारली आणि माझ्याकडं बघितलं. त्या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात जे जिथून निघालं तेच राहत होतं. थेंबापासून निघालं तर थेंब, थरापासून निघालं तर थर. म्हणजे सरांचा आकडा हा खरा आकडा नव्हताच. ती नुसती एक कड होती. खरं ठिकाण मधे कुठं तरी होतं आणि ते शोधायला वेगळी रीत लागणार होती.

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. तिचा रन मी स्वतः लावून बघितला, तोही तीनदा. तिन्ही वेळा ती बरोबर निघाली. आणि तिसऱ्या वेळी लक्षात आलं, की माझ्या प्रबंधाचा चौथा भाग सगळाच्या सगळा सरांच्या त्या आकड्यावर उभा होता. तो गेला तर माझं आणखी दीड-दोन वर्ष गेलं.

सरांना दाखवलं. सर आधी हसले. ‘तू केमिस्ट्रीकडून आलीस ना, म्हणून गोंधळ होतोय,’ असं म्हणाले. तिनं शांतपणे लडीची गोष्ट सांगितली. तेव्हा सर जे बोलले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ‘तुमच्याकडं रंगाच्या पिंपात चालत असेल हे. इथं विज्ञान चालतं.’ वा रे वा विज्ञान! ज्या माणसानं आयुष्यभर एकाच बाजूनं बघितलं त्याचं ते विज्ञान, आणि जिच्या घरी पिढ्यान् पिढ्या दोन्ही बाजूंनी बघतात तिचं ते पिंप!

आता सरांचीही बाजू सांगते, नाही तर मीही त्यांच्याच माळेतला मणी ठरेन. आलेखाकडं बघायचं कसं ते मला त्यांनीच शिकवलं. वडील दवाखान्यात होते तेव्हा भर पावसात स्कूटरवर मला बसस्टँडला सोडायला तेच आले होते. उन्हाळ्यात घरच्या आंब्यांची पेटी आणून टेबलावर ठेवायचे आणि ‘खाताना कीबोर्डला हात लावू नका’ म्हणून दटावायचे. आणि ती मांडणी म्हणजे त्यांची तरुणपणातली पहिली कमाई. एकेक कण हातानं बसवल्यासारखा बसवलेला. एका पोरीनं येऊन सांगितलं की तुमच्या थेंबामुळं सगळ्यांचं उत्तर एका कुशीवर झोपलंय, तर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माणूस आहे, झोंबणारच. पण झोंबल्या म्हणून दुसऱ्याचं आयुष्य नासवायचं?

दर सहा महिन्यांनी प्रगती अहवालाची बैठक असायची. सर धरून तीन जणांची समिती, टेबलावर गार सरबताचे ग्लास. अहवाल समाधानकारक, असा शेरा पडला तर पुढं जायचं, नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते. नसरीननं तिचे सगळे रन अहवालात मांडले होते. तिचा शेरा त्यावरच ठरणार होता. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो. रोजा होताच. तिचा चेहरा पांढरा पडलेला, पण हातातली फाइल तिनं छातीशी धरलेली. म्हणाली, ‘तू तीनदा बघितलंस ना? मग झालं तर.’

मला आधी बोलावलं, माझाही अहवाल होता. एकानं विचारलं, ‘नसरीनचे रन तुम्ही तपासलेत असं ऐकलं. काय निघालं?’

सर माझ्याकडं बघत नव्हते. सरबताच्या ग्लासावर पाण्याचे थेंब जमले होते आणि एकेक करून खाली ओघळत होते, तिकडं ते बघत होते.

मी म्हणाले, ‘तपासतेय सर. अजून खात्रीनं काही सांगता येत नाही.’

तीनदा तपासलं होतं मी! तीनदा! आणि एवढं एक वाक्य बोलून बाहेर आले, तर ती उठून उभी राहिली आणि मला म्हणाली, ‘झालं ना नीट?’ मी मान हलवली. कशासाठी हलवली, देव जाणे. ही आठवण मी पहिल्यांदा लिहिली तेव्हा माझं हे वाक्य त्यात नव्हतं. ते इथं कसं आलं ते पुढं सांगतेच.

ती आत वीस मिनिटं होती. बाहेर आली, फाइल पिशवीत घातली, ओढणी सारखी केली आणि म्हणाली, ‘पाचची गाडी मिळेल मला.’ शेरा ‘असमाधानकारक’ पडला होता. ‘विषयाचं आकलन अपुरं’ असंही लिहिलं होतं. आत काय झालं ते मी विचारलं नाही. विचारायला तोंड कुठं होतं? ती ईदनंतर परत आली नाही. यंत्रांवरच्या तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या मी बरेच दिवस काढल्या नाहीत. मग पावसाळ्यात नवीन पोरं आली आणि त्यांनी काढल्या.

ईदच्या दिवशी मात्र तिचा शीरखुर्म्याचा डबा आला. दर वर्षी यायचा तसाच, पैठणच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर. मी स्टँडवर जाऊन घेतला. स्टीलचा डबा, दहावीला शाळेत पहिली आली तेव्हा तिला बक्षीस मिळालेला, झाकणावर तिचं नाव घातलेलं. शीरखुर्मा मी खाल्ला. गोड लागला याचाच राग आला. रिकामा डबा परत देऊ नये अशी आपल्याकडं पद्धत, म्हणून काही तरी भरून पाठवायचं ठरवलं. काय भरावं ते सुचेना. मग आज पाठवू, उद्या पाठवू करत तो माझ्या मांडणीवर राहिला. माझं लग्न झालं, नोकरी लागली, दोन घरं बदलली. डबा प्रत्येक वेळी सामानात आला.

पुढचं ऐका. मला पदवी मिळाली. त्यानंतर दोन वर्षांनी सरांचा एक शोधनिबंध आला, बाहेरच्या नावाजलेल्या नियतकालिकात. विषय, दोन्ही बाजूंनी केलेले रन! थेंबापासून वर, थरापासून खाली, मधला पट्टा, सगळं. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ते असं. पहिलं नाव सरांचं. दुसरं माझं. मला विचारलंसुद्धा नव्हतं, आणि नाव बघितल्यावर मीही काही विचारलं नाही. अळीमिळी गुपचिळी. शेवटी बारीक अक्षरात आभार होते. त्यात एक ओळ, ‘एका माजी विद्यार्थिनीशी झालेल्या उपयुक्त चर्चेबद्दल ऋणी आहोत.’

एक माजी विद्यार्थिनी. नाव नाही, गाव नाही. जणू रस्त्यानं जाताना कुणी तरी पत्ता सांगितला होता!

त्याच्यावर कडी माझी. आज मी कॉलेजात शिकवते. नव्या मुलांना पहिल्या तासाला सांगते, कुठलाही रन दोन्ही बाजूंनी चालवल्याशिवाय माझ्याकडं आणायचा नाही. मुलं त्याला ‘मॅडमची पद्धत’ म्हणतात. मागं एका मुलीनं तिच्या प्रकल्पात तसं लिहूनही टाकलं. मी ते वाचलं, एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि खाली सही केली. सरांवर आग पाखडायचा मला काय अधिकार आहे, सांगा बरं?

तर असा निरोप आला, हृद्य आठवण पाठवा. मी रागाच्या भरात एका बैठकीत लिहून काढली. सरांनी काय केलं, समितीनं काय केलं, निबंधात काय छापलं. लिहून झाल्यावर वाटलं, ही नसरीनला दाखवल्याशिवाय पाठवायची नाही. शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या, डब्यात भरल्या आणि रविवारी सकाळची पैठणची गाडी पकडली. नऊ वर्षांत पन्नास किलोमीटर जायला मला जमलं नव्हतं.

पत्र्याच्या शेडमध्ये पिंपं तशीच होती. अब्बू, म्हणजे करीमचाचा, खाटेवर बसलेले. आता त्यांना नीट दिसत नाही. आवाजावरून ओळखलं त्यांनी. ‘करमाडवाली ना? कित्ते दिनां लगा दी बेटी!’ रंगाचं काम आता नसरीन बघते आणि दुपारी अकरावी-बारावीच्या मुलींना शिकवते. तिचे हात कोपरापर्यंत जांभळे होते. डबा बघून ती पिंपापासून उठली. मग म्हणाली, ‘मला वाटलं, डबा हरवलास तू.’

तिनं हात पुसले आणि उभ्या उभ्याच माझं लिखाण वाचलं. मी एका लडीकडं बघत बसले. कोरडी लडी होती, पाण्यावर तरंगत होती.

‘चांगलं लिहिलंस,’ ती म्हणाली. ‘पण सुनंदा, तू परत थेंबापासूनच निघालीस की गं.’

‘म्हणजे?’

‘तू बाकावरून सुरू केलंस अन् बाकावरच थांबलीस. आत मला काय विचारलं ते कुठं आहे यात?’

‘मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.’

‘तेच म्हणते मी.’ तिनं कागद खाटेवर ठेवले. ‘त्यांनी मला एकच विचारलं. म्हणाले, तुझं बरोबर असेल तर सुनंदाचा चौथा भाग चूक आहे. तसं तुझं म्हणणं आहे का? हो म्हण, आम्ही तिचा प्रबंध थांबवतो अन् तुझं पुन्हा तपासतो.’

मी खाटेवरचे कागद उचलले. परत खाली ठेवले.

‘मी म्हटलं, नाही सर. ती ज्या बाजूनं निघाली त्या बाजूनं तिचं बरोबर आहे. मी या बाजूनं निघाले, माझंही बरोबर आहे. तर ते हसायला लागले. म्हणे दोन्ही बरोबर कसं असेल? एक काही तरी सांग. मी नाही सांगितलं.’ मग तिनं लडी पाण्यात दाबली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, ‘अन् तुला काय विचारलं होतं गं?’

नऊ वर्षं! नऊ वर्षं मी त्या सरांना शिव्या घातल्या, आणि त्या खोलीत माझ्यासाठी स्वतःची मान पुढं करून कोण उभं होतं ते मला ठाऊकही नव्हतं. मी सांगितलं तिला. ‘तपासतेय, खात्रीनं सांगता येत नाही.’ शब्दाला शब्द सांगितला. नसरीनचा पाण्यातला हात थांबला. करीमचाचा खाटेवरून म्हणाले, ‘क्या हुआ? चुप कायकू हो गए तुम लोगां?’

नसरीन म्हणाली, ‘कुछ नहीं अब्बू. सूत की हालत पूछ रही हूं.’

मग ती रागावली. बरं झालं रागावली. म्हणाली, ‘तीनदा बघितलं होतंस तू! माझ्यासमोर भाकरी खात बघितलं होतंस!’ मी म्हटलं, हो. ‘एवढं वाक्य बोलली असतीस तर काय झालं असतं? दीड वर्ष गेलं असतं तुझं. माझी नऊ गेली.’ मी म्हटलं, हो. माफी मागायला तोंड उघडलं तर तिनं जांभळा हात वर केला. ‘नक्को. माफी नक्को मला. लिही. इथं लिहिलं नाहीस ते लिही. अन् लिहिशील तर माझं नाव लिही. ती पैठणची, ती रंगाऱ्याची, एक माजी विद्यार्थिनी, हे लई झालं.’

म्हणून तो लेख मी पुन्हा लिहिला. या वेळी दोन्ही बाजूंनी. मधल्या पट्ट्यात मला कुठं उभं राहायचंय ते आता वाचणाऱ्यांना दिसेल, आणि दिसू दे.

निघताना तिनं डबा परत हातात दिला. जड होता. कैरीचं लोणचं भरलेलं. ‘रिकामा कसा देऊ?’ म्हणाली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण डबा दिला.

लेख पाठवला तर दुसऱ्याच दिवशी संपादक मंडळातल्या गृहस्थांचा फोन. आवाज अगदी तुपातला. ‘मॅडम, लिखाण प्रभावी आहे हं. पण अंकाचा सूर जरा वेगळा आहे. प्रसंगाला शोभेल असं थोडं सौम्य करता आलं तर... आणि त्या बाईंचं नाव टाळता येईल का? नुसतं एक सहाध्यायी म्हटलं तरी वाचकाला कळेलच.’

परत! अहो, परत तेच! मी स्वयंपाकघरात उभी होते. अंगाची लाही लाही होत होती, आणि ती उन्हानं नव्हती. समोर ओट्यावर डबा होता. म्हटलं, ‘कागद-पेन घ्या. नाव सांगते, जसंच्या तसं उतरवून घ्या. लेखाच्या वर दोन नावं जातील. पहिलं तिचं, दुसरं माझं. दोन्ही छापणार नसाल तर माझंही छापू नका, आणि त्या जुन्या निबंधावरून माझं नाव कसं काढायचं तेही सरांना विचारून ठेवा.’

‘मॅडम, अहो...’

‘लिहा,’ म्हटलं, आणि झाकणावरून बोट फिरवत एकेक अक्षर वाचून दाखवलं. शेख नसरीन शेख करीम. इयत्ता दहावी. प्रथम.